कँडीच्या दरबारातले अदिगार: डोकं न फिरवता समजून घ्यायचे असतील तर हे वाचा

मागे आमच्या वीस जणांच्या ग्रुपची श्रीलंका ट्रिप ठरली आणि कँडीच्या दिवसाची माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी "इतिहास वाचते". बसमध्ये माईक हातात घेऊन मोठ्या झोकात सांगितलं की पिलिमतलाव्वे नावाच्या अदिगाराला, म्हणजे कँडीच्या राजाच्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याला, राजाने १८११ मध्ये ठार केलं. मग दहा मिनिटांनी कँडीचं राज्य इंग्रजांच्या हाती गेलं त्या १८१५ च्या करारावर सह्या करणाऱ्यांची नावं वाचायला लागले तर पहिल्या तिघांत परत पिलिमतलाव्वे! मागच्या सीटवरून आमच्यातले एक निवृत्त सर म्हणाले, "ताई, मेलेल्या माणसाने सही कशी केली हो?" अख्खी बस हसली, मी पण हसले, पण हॉटेलवर जाऊन जी वही उघडली ती पुढे दोन वर्षं बंद झालीच नाही.

तुम्ही कँडीला जाणार असाल, कुठे भाषण किंवा लेख द्यायचा असेल, नाहीतर नुसतीच आवड असेल, तर माझ्यासारखं तोंडावर पडू नका. मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं (आणि शिकले नाही) त्या क्रमाने लिहितेय.

सुरुवातीला हाताशी काय ठेवायचं

- एक मोठा कागद, ए-फोर नको, कॅलेंडरची मागची बाजू घ्या, तक्ता मोठा होतो
- श्रीलंकेचा नकाशा, ज्यात सबरगमुव, ऊवा, मातले हे भाग नीट दिसतील
- प्रत्यक्ष जाणार असाल तर पासपोर्ट, ऑनलाइन काढलेली प्रवासाची परवानगी आणि तिची प्रिंट
- खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, शक्यतो पांढरे, आणि पटकन काढता येतील अशा चपला
- संयम. एकाच माणसाला तीन नावं आणि एकाच नावाची तीन माणसं असं सगळं प्रकरण आहे

१. आधी शब्द सोडवून घ्या

अदिगार म्हणजे सिंहली "अदिकारम", मुळात आपला "अधिकार". युरोपियन लोकांच्या तोंडी त्याचं अदिगार झालं आणि तेच पुस्तकांत रुळलं. सिंहलीत याच पदाला "महा निलमे" असंही म्हणतात. पहिला सापळा इथेच आहे कारण नुसतं निलमे हा मानाचा शब्द अनेक दरबारी पदांना लागतो. दियवडन निलमे म्हणजे दंतधातूच्या (बुद्धाच्या दाताच्या) मंदिराची व्यवस्था बघणारा, ते पद आजही आहे, बातम्यांत दिसतं, पण तो अदिगार नव्हे. गजनायक निलमे म्हणजे राजाच्या हत्तींवरचा अधिकारी. तेव्हा निलमे दिसलं की लगेच अदिगार लिहू नका, मागचा शब्द वाचा.

अदिगाराच्या खालोखाल दिसाव. हा प्रांताचा मुख्य, त्याच्या प्रांताला दिसावनी म्हणायचं. त्याखाली छोट्या भागांवर रटे महत्मया, आणि अजून खाली कोराळ, विदाने वगैरे गावपातळीपर्यंत. हे सगळे वरचे लोक ज्या मोजक्या घराण्यांतून यायचे त्यांना रदळ म्हणतात. त्यांचा वाडा तो वलव्व. हा शब्द आपल्याला लगेच आवडतो, वाडा-वलव्व, लक्षातही राहतो.

किनाऱ्याकडच्या भागात पोर्तुगीज, डच, मग इंग्रज यांच्या हाताखाली मुदलियार असायचे, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, ती या कागदावर आणूच नका.

२. अदिगार एक नाही, दोन

मी सुरुवातीला "कँडीचा अदिगार" असं एकवचनात लिहीत होते. पद दोन होती: पल्लेगम्पह अदिगार आणि उडगम्पह अदिगार. पल्ले म्हणजे खालचा, उड म्हणजे वरचा, आणि गंमत अशी की खालच्याचा मान पहिला! पल्लेगम्पह तो पहिला अदिगार, उडगम्पह दुसरा. शेवटच्या राजाने, म्हणजे श्री विक्रम राजसिंहाने, तिसरा पण निर्माण केला, त्याला सियपत्तुचा अदिगार म्हणतात.

दोन का ठेवले असतील? एकाच्या हातात सगळं गेलं की राजाला झोप लागत नाही, दोघं असले की एकमेकांवर डोळा ठेवतात. माझं मत विचाराल तर अख्ख्या कँडीच्या राजकारणाची किल्ली इथे आहे, आणि शेवटच्या पंधरा-सतरा वर्षांत ती कुलपात अडकून तुटली.

आणखी एक. अदिगार हा बहुतेक वेळा एखाद्या प्रांताचा दिसावही असायचा. म्हणजे "पहिला अदिगार आणि सात कोरळेचा दिसाव" असं लांबलचक लिहिलेलं असेल तर ती दोन माणसं नाहीत, एकच आहे. मी दोन धरली होती.

३. अदिगार दिवसभर करायचा काय

रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी १६६० ते १६७९ इतकी वर्षं कँडीच्या राज्यात कैदेत होता (कैद म्हणजे कोठडी नाही, गावात राहायचं पण देश सोडायचा नाही), सुटल्यावर १६८१ मध्ये लंडनला त्याचं पुस्तक छापलं गेलं. तो अदिगारांना सगळ्यात मोठे अधिकारी आणि मुख्य न्यायाधीश म्हणतो. प्रांताच्या मुख्याने दिलेला निकाल पटला नाही तर लोक यांच्याकडे दाद मागायचे.

नॉक्सने एक बारीक गोष्ट टिपलीय जी मला फार आवडते. अदिगाराच्या माणसांच्या हातात वरच्या टोकाला वाकवलेली काठी असायची, दुसऱ्या कुणाला तशी काठी बाळगायची परवानगी नाही. तो माणूस निरोप घेऊन गावात आला की कागद नको, शिक्का नको, काठी दिसली की अदिगाराने स्वतः सांगितल्यासारखंच. एवढी एक गोष्ट डोळ्यासमोर आणा, दहा पानं वाचायची वाचतील.

दुसरी खूण कानाने ओळखायची. अदिगार बाहेर निघाला की पुढे कोरडे वाजवणारी माणसं चालायची, सट्ट सट्ट आवाज करत, म्हणजे बाजूला व्हा, मोठा माणूस येतोय. कँडीच्या एसळ पेरहराच्या मिरवणुकीत आजही अगदी पुढे हे कोरडेवाले असतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थेट आमच्या गल्लीत येणारा पोतराज आठवला, फक्त इथे अंगावर मारून घेत नाहीत, रस्त्यावर हवेत फटकारतात.

पगार मात्र नाही. पदाबरोबर जमीन मिळायची, निंदगम म्हणतात. त्यात सरमारु निंदगम म्हणजे पद आहे तोवर जमीन, पद गेलं की जमीन पुढच्याकडे. आपल्याकडचं वतन नव्हे, सरंजामाच्या जवळचं. शिवाय भेटायला येणारा मोकळ्या हाताने यायचा नाही, विड्याच्या पानांची जुडी आणायची, कधी त्यावर नाणी. खालच्या लोकांकडून राजासाठी जी सेवा घ्यायची ती राजकारिय, हा शब्द तर तुम्हाला समजावून सांगायलाच नको.

आणि या सगळ्यावर एक मोठी अट: पद राजाच्या मर्जीचं. नवीन वर्षाला नजराणे घेऊन दरबारात हजर व्हायचं आणि पदं पुन्हा पक्की व्हायची. घराणी तीच तीच असली तरी बापानंतर मुलगा असा हक्क नव्हता. देहदंड द्यायचा अधिकार पण राजाचाच.

४. नावांचा तक्ता काढा, हे टाळू नका

पिलिमतलाव्वे, एहेलेपोल, मोल्लिगोड ही माणसाची पाळण्यातली नावं नाहीत, गावावरून आलेली घराण्याची नावं आहेत. आपण "निंबाळकरांनी सही केली" म्हटलं तर कुठले निंबाळकर विचाराल ना, तसंच. कागदावर चार रकाने पाडा: घराण्याचं नाव, पद, प्रांत, साल. साल कोरं असेल तर ती ओळ भरली असं समजूच नका.

माझ्या बसमधल्या फजितीचं उत्तर: १८११ मध्ये मारला गेला तो महा अदिगार पिलिमतलाव्वे. १८१५ च्या करारावर त्याच घराण्यातले दोघं आहेत, एक थोरला, जो दुसरा अदिगार आणि सबरगमुवचा दिसाव, आणि एक धाकटा, चार कोरळेचा दिसाव. मोल्लिगोडही दोन आहेत त्यात, थोरला आणि धाकटा.

उलटा सापळा पण आहे. त्याच यादीत ऊवाचा दिसाव म्हणून "मोनरविल" नाव दिसतं आणि इंग्रजांविरुद्धच्या १८१८ च्या उठावात "केप्पेटिपोल". माणूस एकच! मी सहा महिने दोन वेगळ्या ओळींत लिहून बसले होते.

५. आता गोष्ट वाचा, पण पदांच्या क्रमाने

राजांच्या नावाने वाचायला गेलात तर अदिगार मधेमधे पाहुण्यासारखे येतात. त्यापेक्षा पहिला अदिगार कोण होता या प्रश्नाने पुढे सरका.

थोडं मागून. १७३९ पासून कँडीच्या गादीवर नायक्कर राजे आले, दक्षिण भारतातले, राणीकडच्या नात्याने. सिंहली सरदारांना ते मनातून परके वाटत राहिले. १७६० मध्ये कीर्ती श्री राजसिंहाविरुद्ध कट झाला, त्यात समनक्कोडी नावाचा अदिगार होता, कट फुटला आणि तो जिवानिशी गेला. म्हणजे पुढे जे झालं त्याची ही आधीची झलक.

१७९८ मध्ये राजाधिराजसिंह वारस न ठेवता वारला. पहिला अदिगार पिलिमतलाव्वे. त्याने कण्णसामी नावाच्या जेमतेम अठरा वर्षांच्या नायक्कर मुलाला गादीवर बसवलं, तोच श्री विक्रम राजसिंह. हिशोब सरळ होता, पोरगं नावाला राजा, कारभार आपला. त्याच साली इंग्रजांचा गव्हर्नर होऊन आलेल्या फ्रेडरिक नॉर्थशी पिलिमतलाव्वेची बोलणी सुरू झाली आणि कोण कुणाला वापरतंय हे दोघांनाही कळत नव्हतं असं माझं प्रामाणिक मत. १८०३ मध्ये इंग्रज कँडीत घुसले, मुत्तुसामी नावाचा आपला राजा बसवला, मग आजारपण आणि उपासमारीने फौज खिळखिळी झाली आणि जूनमध्ये मेजर डेव्हीची तुकडी महावेली नदीच्या काठी कापली गेली. मुत्तुसामीलाही मारलं.

पोरगं मात्र मोठं झालं. राजा आणि अदिगार यांचं फाटत गेलं आणि १८११ मध्ये पिलिमतलाव्वेचा शेवट झाला.

त्याच्या जागी त्याचा भाचा एहेलेपोल. याच्याकडे सबरगमुव प्रांत होता. १८१४ मध्ये त्याने तिथे बंड केलं, राजाने ते मोडायला कुणाला पाठवलं तर मोल्लिगोडला, म्हणजे दुसऱ्या अदिगाराला पहिल्यावर सोडलं. वर दोन अदिगार का असं विचारलं होतं ना, हे बघा. एहेलेपोल कोलंबोला इंग्रजांकडे पळाला. त्याची बायको आणि मुलं कँडीत राजाच्या ताब्यात राहिली होती. मे १८१४ मध्ये त्या सगळ्यांना मारलं. थोरला मुलगा घाबरून मागे सरला तेव्हा धाकटा मद्दुम बंडार पुढे झाला आणि दादाला म्हणाला घाबरू नकोस, मी दाखवतो, ही गोष्ट श्रीलंकेत लहान मुलाला पण माहीत असते. तिथे हे नाव घेताना जरा आवाज खाली ठेवा, त्यांच्यासाठी ती नुसती गाइडची गोष्ट नाही.

मग पहिला अदिगार मोल्लिगोड. १८१५ च्या सुरुवातीला इंग्रज फौजा वर चढल्या तेव्हा यानेही, घरच्यांची सोय लावून, बाजू बदलली. १८ फेब्रुवारीला राजा मेदमहानुवर भागात पकडला गेला आणि २ मार्च १८१५ चा करार झाला. सह्यांच्या यादीत मोल्लिगोड पहिला अदिगार म्हणून आहे, एहेलेपोल नुसता एहेलेपोल. त्याने पद घेतलं नाही कारण त्याला राजा व्हायचं होतं. इंग्रजांनी त्याला "मित्र" म्हणून गोंजारलं, १८१८ मध्ये संशयावरून अटक केली, १८२५ मध्ये मॉरिशसला पाठवलं, तिथेच १८२९ मध्ये वारला.

आणि तो मोनरविल केप्पेटिपोल? एहेलेपोलचा मेव्हणा. १८१७ मध्ये ऊवाचं बंड मोडायला इंग्रजांनी त्याला पाठवलं आणि तो जाऊन बंडवाल्यांनाच मिळाला. २६ नोव्हेंबर १८१८ ला त्याचा शिरच्छेद झाला. कवटी एडिंबराला नेली होती, ती १९५४ मध्ये परत आली.

६. "म्हणजे पेशवाच ना?" हा मोह आवरा

मराठी माणसासमोर अदिगार म्हटलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतो. मी पण स्लाइडवर "कँडीचे पेशवे" असं टाकलं होतं, आता लाज वाटते. पेशवेपद बाळाजी विश्वनाथांनंतर वंशपरंपरेने चाललं, पुण्याला त्यांचा स्वतःचा दरबार, स्वतःचा खजिना. अदिगार राजाच्याच शहरात, राजाच्या डोळ्यासमोर, दरवर्षी नव्याने पद पक्कं करून घेणारा. इंग्रजी पुस्तकं सर्रास "पंतप्रधान" म्हणतात, तेही तितकंच ढिलं. मुख्य न्यायाधीश, कारभारी आणि कोतवाल असं तिघांचं मिश्रण समजा, जास्त जवळ जाल.

सालांची सांगड मात्र घाला, त्याने लक्षात राहतं. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, ऊवाचं बंड पेटलं तेही त्याच सुमाराला.

७. कुणाचं लिहिलेलं वाचताय ते बघा

नॉक्स सतराव्या शतकातला, त्याचं वर्णन एकोणिसाव्या शतकाला चिकटवू नका. जॉन डॉयली हा इंग्रजांचा सिंहली जाणणारा अधिकारी, त्याची १८१० ते १८१५ ची रोजनिशी म्हणजे खजिना आहे, पण त्याचं कामच सरदारांना फोडायचं होतं, तेव्हा कोण नाराज, कोण फुटायच्या बेतात, हेच त्याला जास्त दिसणार. जॉन डेव्ही हा डॉक्टर (वरचा मेजर डेव्ही वेगळा), पडझड झाल्यानंतर आलेला, त्याचं पुस्तक १८२१ चं, पदांची आणि रीतींची वर्णनं शांतपणे लिहिलेली, नवख्याने इथून सुरुवात करावी असं मी म्हणेन.

राजाच्या क्रूरपणाच्या गोष्टी वाचताना एक लक्षात ठेवा, इंग्रजांनी स्वारीचं कारणच ते दिलं होतं. एहेलेपोलच्या घरच्यांना मारलं हे खरं आहे, पण त्याभोवतीचे भयंकर तपशील प्रत्येक सांगणारा थोडे वाढवतो. मी बसमध्ये सगळे सांगितले होते, एका काकूंनी दुपारी जेवण केलं नाही.

८. प्रत्यक्ष कँडीत कुठे काय बघायचं

कोलंबो फोर्ट स्टेशनवरून ट्रेन पकडा, अडीच-तीन तास लागतात, डोंगर सुरू झाला की कळतं हे राज्य इतकी वर्षं पोर्तुगीज-डचांच्या हाती का लागलं नाही.

आधी मगुल मडुव, राजाचा दरबार हॉल, दळदा मालिगाव म्हणजे दंतधातूच्या मंदिराच्या आवारातच आहे. कोरीव लाकडी खांबांचा, चारी बाजूंनी उघडा. बहुतेक लोक मंदिर बघून याच्या बाजूने फोटो काढत निघून जातात, तुम्ही थांबा. १८१५ चा करार इथे झाला. थोडा वेळ एखाद्या खांबाशी उभं राहून तुमचा तक्ता काढा आणि कोण कोण इथे होतं ते वाचा, माझ्या तरी अंगावर काटा आला होता.

मग तिथलं राष्ट्रीय संग्रहालय, राजवाड्याच्या जुन्या इमारतीत आहे. केप्पेटिपोलचं स्मारक मालिगावच्या समोरच्या मोकळ्या जागेत. राजाचं सिंहासन मात्र कँडीत शोधू नका, ते कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इंग्रजांनी नेलेलं ते १९३४ मध्ये परत आलं. आम्ही ते कँडीत विचारत फिरलो होतो.

अदिगार दिसायचे कसे हे बघायचं असेल तर फुकटातला उपाय: कँडीतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दारात लग्नाच्या दिवशी उभे राहा. नवरदेवाचा जो पोशाख असतो, कमरेभोवती थरावर थर गुंडाळलेलं कापड, फुगीर बाह्यांचं जाकीट, वर कोपऱ्यांची भरजरी टोपी, तो या निलमे लोकांचाच. आम्ही पाहिलेल्या नवरदेवाला तर गाडीत बसता येत नव्हतं, दोन भाऊ मागून ढकलत होते.

पेरहरा बघायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तारखा चंद्रावर ठरतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी तारखा तपासा. आम्ही आधी तिकीट काढलं होतं.

९. १८१५ नंतरचा "अदिगार" वेगळा धरा

करारात पदं चालू राहतील असं होतं, पण उठावानंतर नोव्हेंबर १८१८ च्या जाहीरनाम्याने सरदारांचे अधिकार कापले. त्यानंतर हळूहळू अदिगार ही नुसती मानाची पदवी झाली, आपल्याकडच्या रावबहादूरसारखी, आणि विसाव्या शतकातही ती दिलेली सापडते. तेव्हा कुणाच्या नावापुढे अदिगार दिसलं आणि साल १९०० च्या पुढचं असेल तर त्याला कोरडेवाले आणि वाकडी काठी चिकटवू नका. तक्त्यावर त्याच्यासाठी वेगळा रंग ठेवा, मी हिरवा ठेवलाय.

जाता जाता, ज्यांना श्रीलंका जमत नाही त्यांच्यासाठी. शेवटच्या राजाला १८१६ मध्ये वेल्लोरला आणून ठेवलं होतं, ३० जानेवारी १८३२ ला तो तिथेच वारला. पालार नदीच्या काठी मुत्तु मंडपम आहे, त्याची समाधी तिथे. आपल्याकडची किती माणसं उपचारासाठी वेल्लोरला जातात आणि रिपोर्टची वाट बघत दिवसच्या दिवस लॉजवर बसून काढतात, एखादी दुपार रिक्षा करून जाऊन या, रिक्षावाल्याला नुसतं "मुत्तु मंडपम" सांगायचं.